आधी भट्टी, मग प्रकाश
(प्रस्तावना)

प्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थांवरचा कुठलाही शोधनिबंध उघडला, तर कृतीच्या भागात एक वाक्य हमखास सापडते : ‘मिळालेली पावडर ४५० अंश सेल्सिअसला दोन तास तापवली.’ कुठे आकडा ४०० असतो, कुठे ५५०; कुठे एक तास, कुठे पाच. वाक्याचा साचा मात्र तोच. वाचणारा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो, कारण पुढे आलेख असतात, सूक्ष्मदर्शकाची चित्रे असतात, निष्कर्ष असतात. खरे तर त्या आलेखांत जे दिसते त्यातले बरेचसे त्या दोन तासांतच ठरून गेलेले असते. कण किती मोठा होणार, त्यातले अणू कोणत्या मांडणीत बसणार, पृष्ठभाग किती उरणार, रचनेत किती उणिवा राहणार, आणि या सगळ्यांमुळे प्रकाश पडल्यावर त्या कणाकडून काम होणार की नाही, हे भट्टीत ठरते. हे पुस्तक त्या दोन तासांविषयी आहे.

आधी या क्षेत्राची तोंडओळख. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेचे दोन पट्टे असतात. खालचा भरलेला, वरचा रिकामा. मधल्या अंतरात इलेक्ट्रॉनाला थारा नसतो. त्या अंतराला बँड गॅप म्हणतात. त्याहून अधिक ऊर्जेचा फोटॉन शोषला गेला की खालचा एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, खाली राहते. इलेक्ट्रॉन दुसऱ्या कोणाला तरी देता येतो. होल दुसऱ्या कोणाकडून तरी इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पाण्यात मिसळलेल्या कणाच्या पृष्ठभागावर हे दोन्ही व्यवहार झाले की प्रकाशउत्प्रेरण घडले. ऑक्सिजन किंवा हायड्रोजनचा आयन इलेक्ट्रॉन घेतो. पाण्याचे किंवा एखाद्या सेंद्रिय रेणूचे होलकडून ऑक्सिडीकरण होते. अडचण अशी की पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना गाठतात. तसे झाले की दोघेही संपतात आणि प्रकाशाची ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. हे पुनर्मीलन नॅनोसेकंदांच्या हिशेबात उरकते. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देण्यासारखी पृष्ठभागावरची क्रिया त्या मानाने फार मंद असते. या शर्यतीत बहुतेक जोड्या हरतात.

कण नॅनोमीटरांत मोजण्याइतका लहान असला की दोन फायदे होतात. आत निर्माण झालेल्या इलेक्ट्रॉनाला पृष्ठभाग जवळ पडतो आणि एकंदर पृष्ठभागही प्रचंड वाढतो. ॲनाटेज या रूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे गोल कण १० नॅनोमीटर व्यासाचे असतील, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण १५० चौरस मीटर भरतो. तेच कण ५० नॅनोमीटरांचे झाले की तो ३० चौरस मीटरांवर येतो. हा हिशेब पाहून कोणालाही वाटेल की कण शक्य तितका लहान ठेवावा आणि भट्टीपासून दूर ठेवावा. पण द्रावणातून कमी तापमानाला काढलेले कण बहुधा अस्फटिकी किंवा अर्धवट स्फटिकी असतात. अणूंच्या रांगा मोडलेल्या असतात, जागोजागी तुटके बंध असतात. हीच ठिकाणे इलेक्ट्रॉन-होलांना अडकवून ठेवतात आणि पुनर्मीलनाची सोय करून देतात. जपानमधल्या ओहतानी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अस्फटिकी आणि ॲनाटेज यांची मिश्रणे तपासून दाखवले, की पूर्ण अस्फटिकी टायटॅनियाची, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची, प्रकाशउत्प्रेरक क्रियाशीलता नगण्य असते. पृष्ठभाग भरपूर, काम शून्य.

इथे विषयाचा गाभा आहे. स्फटिकाची रचना सुधारण्यासाठी उष्णता हवी, आणि तीच उष्णता कण वाढवून पृष्ठभाग खाते. एक गोष्ट मिळवताना दुसरी द्यावी लागते. म्हणून तापमानाच्या आलेखावर क्रियाशीलता आधी चढते, मग कुठेतरी माथा गाठून उतरते. तो माथा ४५० अंशांवर आहे की ६०० वर, हे त्या पदार्थाच्या पूर्वेतिहासावर अवलंबून असते. लाडवांचा पाक करताना अनुभवी माणूस घड्याळाकडे पाहत नाही, तार पाहतो. साखर किती, भांडे केवढे, आच किती यावर मिनिटे बदलतात, एकतारी पाकाची खूण बदलत नाही. शोधनिबंधातले तापमान ही मिनिटे आहेत. वाचकाने शोधायची ती तार : कणाचा आकार, स्फटिकरूप, पृष्ठभाग आणि उणिवा. पुढच्या सर्व पानांमागचा विचार एवढाच आहे.

गंमत अशी की उष्णतेवर हुकमत मिळवण्याची गरज प्रथम पडली ती ही क्रियाशीलता मारण्यासाठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगाचे मुख्य वर्णक बनले आणि लवकरच तक्रार आली, की उन्हात रंगाचा थर भुकटीसारखा सुटतो. वर्णकाचा कण उन्हाच्या जोरावर आपल्याच भोवतीचे तेल आणि राळ जाळत होता. गुडइव्ह आणि किचनर यांनी १९३८ साली याच पदार्थाच्या सान्निध्यात प्रकाशामुळे रंगद्रव्य फिके पडते हे अभ्यासले. वर्णक उद्योगाने त्यावर उपाय काढला : फिरत्या भट्ट्यांत उच्च तापमानाला ॲनाटेजचे रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपात रूपांतर करायचे आणि कणांवर सिलिका-अल्युमिनाचा लेप चढवायचा. पदार्थ तोच, भट्टी तीच, उद्देश उलटा. घराच्या भिंतीवरचा टिकाऊ पांढरा रंग हा मुद्दाम झोपवलेला प्रकाशउत्प्रेरक आहे.

तो जागा करण्याचे श्रेय टोकियो विद्यापीठातल्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांना दिले जाते. १९७२ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले, की रुटाइलच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड प्रकाशात ठेवून तो प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडला जोडला, तर पाण्याचे ऑक्सिजन आणि हायड्रोजनमध्ये विघटन होते. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि उन्हापासून इंधन ही कल्पना जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. या कथेत उष्णता सहसा सांगितली जात नाही. पण शुद्ध रुटाइल जवळजवळ विद्युतरोधक असते. त्याला इलेक्ट्रोड म्हणून वापरायचे तर निर्वातात किंवा हायड्रोजनमध्ये तापवून त्यातला थोडासा ऑक्सिजन काढून घेण्याची रीत आहे. तापवून निर्माण केलेली ही कमतरताच त्याला वाहक बनवते. उणीव नेहमी वाईट असते असे मानणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. पुढे हा वाद पुन्हा येणार आहे.

इंधनाचे स्वप्न अपेक्षेपेक्षा कठीण निघाले. फक्त अतिनील प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाच्या वाट्याला सूर्याच्या ऊर्जेचे शेकडा चार-पाच भागच येतात. मग दुसरी वाट निघाली. १९७७ साली फ्रँक आणि बार्ड यांनी टायटॅनियाच्या पावडरीने पाण्यातल्या सायनाइडचे प्रकाशात ऑक्सिडीकरण करून दाखवले आणि जलशुद्धीकरण हा या विषयाचा मोठा प्रांत झाला. याच काळात नॅनोस्फटिकांचा शोध स्वतंत्रपणे लागत होता, आणि त्यातही भट्टी होतीच. लेनिनग्राडमध्ये अलेक्सेई एकिमोव्ह यांनी कॉपर क्लोराइड घातलेली काच ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, एक तासापासून ९६ तासांपर्यंत तापवली. जितकी उष्णता आणि जितका वेळ, तितके काचेतले स्फटिक मोठे. आणि स्फटिकांचा आकार बदलला की काचेचे प्रकाशशोषण बदलले. अमेरिकेत बेल लॅब्जमधले लुई ब्रूस तर कॅडमियम सल्फाइडच्या कणांकडून सूर्यप्रकाशात रासायनिक क्रियाच करून घेऊ पाहत होते. टेबलावर राहून गेलेल्या द्रावणाचे गुण बदललेले त्यांना दिसले, कारण सुमारे ४.५ नॅनोमीटरचे कण वाढून १२.५ नॅनोमीटरचे झाले होते. १९९३ साली एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने तप्त द्रावकात कच्चा माल एकदम सोडून आणि मग तापमान सांभाळून जवळपास एकसारख्या आकाराचे स्फटिक काढण्याची रीत बसवली. या तिघांना २०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते क्वांटम डॉटसाठी. पण त्या कामाकडे तापमान आणि वेळ यांनी स्फटिक घडवण्याची कला म्हणूनही पाहता येते.

१९९१ साली ओरेगन आणि ग्रेट्झेल यांच्या सौरघटाने तापवण्याचा आणखी एक उपयोग ठळक केला. त्यात टायटॅनियाच्या नॅनोकणांचा थर ४५० अंशांना तापवून कण एकमेकांना नुसते मानेपुरते जोडले जातात. सच्छिद्रता राहते आणि इलेक्ट्रॉनाला एका कणातून दुसऱ्यात जायला रस्ता मिळतो. उत्प्रेरकाचे पातळ थर करणाऱ्यांनी हा धडा लगेच उचलला. २००१ साली पिल्किंग्टन कंपनीने स्वतःला स्वच्छ ठेवणारी काच बाजारात आणली आणि प्रकाशउत्प्रेरण प्रयोगशाळेबाहेर खिडकीत जाऊन बसले.

आता भट्टीच्या आत पाहू. द्रावणातून काढलेली टायटॅनियाची पावडर तापू लागली की आधी, शंभर-दोनशे अंशांपर्यंत, चिकटलेले पाणी आणि द्रावक निघून जातात. त्यानंतर कच्च्या मालातून आलेले सेंद्रिय अवशेष जळतात. पूर्ण जळाले नाहीत तर पावडर पिवळट-करडी राहते आणि त्या रंगाला दृश्य प्रकाशाचे शोषण समजण्याचा घोटाळा होऊ शकतो. साधारण ३०० ते ४०० अंशांच्या आसपास अस्फटिकी भागातून ॲनाटेजचे स्फटिक उभे राहतात. पुढे हे स्फटिक वाढतात, आतल्या उणिवा भरून येतात, पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट कमी होतात आणि बारीक छिद्रे मिटतात. साधारण ६०० अंशांनंतर ॲनाटेज रुटाइलमध्ये बदलू लागते. हा बदल एकमार्गी आहे; थंड केल्यावर रुटाइलचे ॲनाटेज होत नाही. त्याहीपुढे कण एकमेकांत वितळल्यासारखे मिसळतात, गठ्ठे बनतात आणि पृष्ठभाग कोसळतो. कच्चा माल, अशुद्धी, कणांचा आकार आणि भट्टीतली हवा यांनुसार हे सगळे टप्पे शेकडो अंशांनी पुढेमागे सरकतात.

टप्पे का सरकतात याचे उत्तर ऊष्मागतिकीत मिळते. मोठ्या स्फटिकात रुटाइल हेच सर्वांत स्थिर रूप. पण ॲनाटेजच्या पृष्ठभागाची ऊर्जा रुटाइलपेक्षा कमी असते, आणि कण फार लहान असला की पृष्ठभागाचाच हिशेब वरचढ ठरतो. झँग आणि बॅनफिल्ड यांनी १९९८ साली मांडले, की साधारण १४ नॅनोमीटरपेक्षा लहान कणात ॲनाटेजच अधिक स्थिर. म्हणून तापवताना कण आधी वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यावर रूप बदलायला मोकळा होतो. रुटाइलचे बीज बहुधा दोन ॲनाटेज कणांच्या सांध्यावर पडते आणि शेजारचे कण गिळत झपाट्याने वाढते. त्यामुळे रूपांतर सुरू होताच पृष्ठभागात मोठी घसरण दिसते. ‘रुटाइल कमी क्रियाशील असते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळते, पण त्यात रुटाइलच्या रचनेचा दोष किती आणि ते बनेपर्यंत गमावलेल्या पृष्ठभागाचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या वाक्याला फारसा अर्थ नाही.

या क्षेत्रातले अभ्यासक ढोबळमानाने पाच विचारांचे आहेत. पहिला विचार स्फटिकतेला अग्रक्रम देतो : उणिवा भरा, पुनर्मीलन थांबवा, पृष्ठभाग थोडा गेला तरी चालेल. पाण्याचे पूर्ण विघटन करणाऱ्यांचा कल इकडे असतो, कारण त्यांना इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही दीर्घकाळ जिवंत हवे असतात. दुसरा विचार पृष्ठभागाला धरून आहे. पाण्यातला किंवा हवेतला प्रदूषक आधी पृष्ठभागावर बसला पाहिजे, म्हणून तो बेताने तापवायला सांगतो. तिसरा विचार रूपांच्या मिश्रणाचा. त्याचा आधार म्हणजे देगुसा कंपनीची, आता इव्होनिकची, पी-२५ ही पावडर. टायटॅनियम टेट्राक्लोराइड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वाळेत सोडून ती बनवतात. तिच्यात साधारण चार भाग ॲनाटेजला एक भाग रुटाइल असते, थोडा अस्फटिकी अंशही असतो, आणि पृष्ठभाग ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास. जगभर तुलनेचे माप म्हणून हीच वापरतात. तिची किमया दोन रूपांच्या सांध्यात आहे असे मानले जाते. इलेक्ट्रॉन ॲनाटेजकडून रुटाइलकडे जातो असा समज बराच काळ होता. २००३ साली हुरम आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुनादाच्या मोजमापांतून आणि २०१३ साली स्कॅनलन आणि सहकाऱ्यांनी पट्ट्यांच्या ऊर्जा ताडून नेमकी उलटी दिशा सुचवली. या पावडरीत एक धडा दडलेला आहे. हजार अंशांहून तप्त ज्वाळेतून जाऊनही ती बहुतांशी ॲनाटेज राहते, कारण कण त्या ज्वाळेत काही मिलिसेकंदच असतो. नुसत्या तापमानाचा आकडा किती थोडे सांगतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

चौथा विचार उणिवांनाच कामाला लावतो, आणि त्यात भट्टीतला वायू तापमानाइतकाच महत्त्वाचा ठरतो. २००१ साली टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या असाही या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ॲनाटेज पावडर अमोनियाच्या प्रवाहात ६०० अंशांना तापवून तिच्यात नायट्रोजन शिरवला आणि दृश्य प्रकाशात काम करणारा पिवळसर टायटॅनिया मिळवला. नायट्रोजन ऑक्सिजनच्या जागी बसतो की फटीत, बँड गॅप खरोखर अरुंद होतो की मध्ये काही सुट्या पातळ्या तयार होतात, यावर पुढची अनेक वर्षे रणे माजली. २०११ साली चेन, माओ आणि सहकाऱ्यांनी टायटॅनिया २० बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये २०० अंशांना पाच दिवस ठेवला. पांढरी पावडर काळी झाली. त्यांच्या मते कारण होते स्फटिकाभोवतीचा विस्कळीत थर. इतरांनी त्रिसंयुजी टायटॅनियमकडे किंवा ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवले. पाचवा विचार भट्टी टाळता येईल का असे विचारतो. बंद ऑटोक्लेव्हमध्ये दीड-दोनशे अंशांच्या पाण्यात दाबाखाली स्फटिक वाढवणे, मायक्रोवेव्हने तापवणे, लेसरच्या झोताने नुसता वरचा थर तापवणे या त्याच्या वाटा. प्लॅस्टिक किंवा कापडावर उत्प्रेरकाचा थर द्यायचा असेल, तर ४५० अंशांची भट्टी उपयोगाचीच नसते.

टायटॅनिया हा या पुस्तकाचा कणा आहे, पण सगळे शरीर नाही. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषते; तापवल्यावर त्याची घनाकृती रचना षट्कोनी होते आणि क्रियाशीलता बहुधा वाढते, पण हवेत तापवले तर त्याचे ऑक्सिडीकरण होते. बिस्मथ व्हॅनेडेटचे एक रूप चारशे ते पाचशे अंशांदरम्यान तापवल्यावर मोनोक्लिनिक रूपात जाते आणि तेच ऑक्सिजन काढायला उपयोगी पडते. क्वांटम डॉटच्या बाबतीत उष्णता दुधारी आहे : पृष्ठभाग झाकणारे सेंद्रिय रेणू काढायला ती हवी, पण जरा जास्त झाली की कण वाढतात आणि ज्या सूक्ष्म आकारासाठी सगळा खटाटोप केला तोच हातचा जातो. कार्बन नायट्राइडची गोष्ट वेगळीच. २००९ साली पॉट्सडॅम आणि टोकियोतल्या गटांनी, धातू नसलेला हा पिवळा पदार्थ प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन काढतो हे दाखवले. मेलामाइन किंवा युरियासारखा स्वस्त पदार्थ साधारण ५५० अंशांना तापवला की तो तयार होतो. तिथे तापवणे हा शेवटचा संस्कार राहत नाही, तेच जन्म देते. मूस झाकलेली होती की उघडी, यावरही माल बदलतो. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये तर मुशीने स्वतःच भाग घेतला. वितळलेल्या स्ट्रॉन्शियम क्लोराइडमध्ये ११५० अंशांच्या आसपास तापवताना अल्युमिनाच्या मुशीतला ॲल्युमिनियम स्फटिकात शिरला आणि क्रियाशीलता वाढली. या मार्गाने पुढे जात काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० साली ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात शेकडा ९६ इतकी बाह्य क्वांटम कार्यक्षमता नोंदवली. शर्यत जवळजवळ पूर्ण जिंकता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

मग आज या सगळ्याचे महत्त्व काय? डोमेन यांच्याच गटाने २०२१ साली १०० चौरस मीटरच्या पॅनेलवर सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हा सूर्याच्या ऊर्जेपैकी जास्तीत जास्त शेकडा ०.७६ इतकीच हायड्रोजनमध्ये उतरली. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट अतिनीलच शोषते, म्हणून ही मर्यादा. उरलेले अंतर कापायचे तर दृश्य प्रकाश शोषणारा पण उणिवा कमी असलेला पदार्थ हवा, आणि असे अनेक पदार्थ उच्च तापमान सोसत नाहीत. म्हणजे प्रश्न पुन्हा भट्टीपाशी येतो. भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेने, जिला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले आहे. ते मुख्यतः विजेने पाणी फोडूनच गाठले जाईल. प्रकाशउत्प्रेरण त्या रांगेत बरेच मागे आहे आणि उत्साहाच्या भरात तसे नसल्याचे भासवू नये. पण वीज, इलेक्ट्रोड आणि तारा यांच्याशिवाय, नुसत्या पावडरीवर ऊन पाडून इंधन मिळवण्याची शक्यता या एकाच वाटेवर आहे.

पाण्याच्या बाबतीत प्रश्न अधिक जवळचा आहे. इचलकरंजी आणि सोलापूरसारख्या कापडाच्या गावांत रंगाचे सांडपाणी ही रोजची गोष्ट आहे, आणि आपल्या महाविद्यालयांतले कितीतरी प्रकल्प ‘मिथिलीन ब्लूचे प्रकाशात विघटन’ याच मथळ्याचे असतात. या प्रयोगात काही खाचा आहेत. रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते आणि आपला इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊ शकते. मग श्रेय कोणाचे? रंग नुसता पृष्ठभागावर चिकटल्यानेही पाणी फिके दिसते, म्हणून दिवा लावण्याआधी अंधारात समतोल साधावा लागतो. रंग गेला म्हणजे रेणू नष्ट झाला असेही नाही. आणि ४०० व ६०० अंशांना तापवलेल्या दोन पावडरींची तुलना दर ग्रॅमला करायची की दर चौरस मीटरला, यावर विजेता बदलू शकतो. तापमानाचा परिणाम तपासणाऱ्या प्रयोगात या खाचा सर्वांत जास्त फसवतात, कारण तापवल्याने चिकटण्याची क्षमता, पृष्ठभाग आणि स्फटिकता या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध सांडपाण्यापुरता नाही. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट, तसेच कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ इथे अर्धवाहकांच्या नॅनोकणांवर आणि पातळ थरांवर अनेक वर्षे काम चालू आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आहे. उणीव आहे ती मराठीत सलग वाचता येईल अशा लेखनाची. विद्यार्थी इंग्रजी निबंधातली कृती उतरवून घेतो आणि ४५० हा आकडाही तिच्याबरोबर येतो. तो का, हे विचारायला लागणारी भाषा त्याच्यापाशी नसते.

ती देण्याचा प्रयत्न या पुस्तकात केला आहे. पदार्थांची यादी करून प्रत्येकाचे ‘उत्तम तापमान’ सांगणारी पुस्तिका हे नव्हे. मांडणी प्रश्नांभोवती आहे : उष्णतेने काय हलते, काय जुळते, काय निघून जाते, आणि यातले प्रत्येक आपण कशावरून ओळखतो. त्यामुळे क्ष-किरण विवर्तनात २५.३ अंशांवरचे ॲनाटेजचे शिखर आणि २७.४ अंशांवरचे रुटाइलचे शिखर कसे वाचायचे, शेररच्या सूत्राने आकार काढताना त्याच्या मर्यादा कोणत्या, वायूशोषणातून मिळालेला पृष्ठभाग प्रकाशाला खरोखर उपलब्ध असतो का, हे विषय मुख्य प्रवाहातच येतात, परिशिष्टात ढकललेले नाहीत. वादग्रस्त मुद्दे वादग्रस्त म्हणूनच ठेवले आहेत. काळ्या टायटॅनियाचा रंग कशाने आला, याचे एकच उत्तर देणे सोपे होते. तिथे प्रत्येक उत्तरामागचा पुरावा शेजारी शेजारी ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटले. परिभाषेत रूढ मराठी शब्द असेल तिथे तो, आणि प्रयोगशाळेत बोलला जाणारा शब्द असेल तिथे तो वापरला आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे रसायन किंवा भौतिकशास्त्र एवढी तयारी पुरेशी आहे. शिक्षकांना यात प्रकल्पांसाठी प्रश्न मिळतील. उद्योगात काम करणाऱ्यांना, विशेषतः सिरॅमिक, काच आणि रंग यांच्याशी संबंधितांना, ओळखीच्या भट्टीचा अनोळखी उपयोग दिसेल. सूत्रांची धास्ती असलेल्याने गणिताचे परिच्छेद ओलांडले तरी धागा तुटणार नाही, अशी काळजी घेतली आहे.

पुस्तक संपवल्यावर वाचकाने कुठलाही शोधनिबंध हातात घेऊन पाच गोष्टी तपासाव्यात, एवढी माझी अपेक्षा आहे : काय तापवले, कोणत्या वेगाने, कोणत्या वायूत, किती वेळ, आणि बाहेर आले ते काय हे कशाने तपासले. पाचांपैकी एक जरी गाळलेली असेल, तर त्या निष्कर्षावर तेवढाच कमी भरवसा ठेवावा. स्वतःच्या वहीतही हीच शिस्त हवी : भट्टी चढवण्याचा दर, मूस झाकलेली की उघडी, पावडरीचा थर किती जाड, थंड कसे केले. एकाच कृतीतून दोन प्रयोगशाळांना वेगळी पावडर मिळते तेव्हा अनेकदा याच न लिहिलेल्या गोष्टी आड आलेल्या असतात. त्यांची नोंद ठेवायला नवे यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. या विषयात पुढचे पाऊल टाकू पाहणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ते काम आजच सुरू करता येईल.